हकीम राझी : रोग्यापासून शिकणारा वैद्य

शिक्षण म्हणजे पाठांतर नव्हे, हे आपण सारे जाणतो. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून आपण ते ऐकतो, स्वतःही बोलतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना प्रश्नांची तयार उत्तरे उतरवून देतो. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक. काही वर्षांपूर्वी मी इतिहासाच्या तासाला वास्को द गामा १४९८ साली कालिकतला कसा पोहोचला ते शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पुढची समुद्राची वाट त्याला कोणी दाखवली, असे त्याने विचारले. मला उत्तर ठाऊक नव्हते. ते कबूल करण्याऐवजी, हे परीक्षेला येत नाही, असे सांगून मी त्याला खाली बसवले. त्या वर्षी त्या मुलाने पुन्हा हात वर केला नाही. मालिंदी बंदरात मिळालेल्या एका वाटाड्याने त्याला इकडे आणले, हे मी पुढे वाचून काढले. पण तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

इतिहासाच्या तासाला असे घडले तर एका मुलाची जिज्ञासा विझते. वैद्यकाच्या शिक्षणात हेच घडले तर ते रोग्याच्या प्राणावर बेतते. कारण रोगी पुस्तकातील प्रकरणांच्या क्रमाने येत नाही आणि आपल्या दुखण्याचे नावही सोबत आणत नाही. तो केवळ तक्रार घेऊन येतो. त्या तक्रारीतून वाट काढायला जो स्वतः शिकला तोच खरा वैद्य. ही गोष्ट सुमारे अकराशे वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या शिष्यांकडून प्रत्यक्ष करवून घेतली, त्या हकीम राझी यांचे जीवनचरित्र वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

त्यांचे पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अर-राझी. आजच्या तेहरान शहरालगत रय नावाचे प्राचीन नगर होते. त्या नगराचा रहिवासी तो राझी. हिजरी २५१, म्हणजे इसवी सन ८६५ मध्ये त्यांचा जन्म झाला. तारुण्यात त्यांना गाण्याचा आणि ऊद या तंतुवाद्याचा नाद होता असे जुने चरित्रकार सांगतात. पुढे त्यांना किमयेचे वेड लागले. भट्टी, मुशी, क्षार आणि तेजाब यांत त्यांनी बराच काळ घालवला. त्या धुराने आणि वाफांनी त्यांचे डोळे अधू झाले, असे अल्-बिरूनी या थोर विद्वानाने नमूद केले आहे. वैद्यकाकडे ते वळले ते वयाची तिशी उलटल्यावर. तिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट विशेष धीर देणारी वाटते.

ते वैद्यकाकडे कसे वळले, याविषयी इब्न अबी उसैबिया या चरित्रकाराने एक हकीकत दिली आहे. राझी बगदादला आले असता तेथील इस्पितळात गेले. तेथे औषधे तयार करणारा एक वृद्ध अत्तार बसला होता. त्याला त्यांनी औषधांविषयी विचारले. एका वनस्पतीचा गुण प्रथम कोणाला आणि कसा कळला, ते विचारून घेतले. दुसऱ्या खेपेला तेथे त्यांनी जन्मतःच विकृती असलेले एक मूल पाहिले आणि असे का होते, हे वैद्यांना विचारले. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघे. हे विचारणे त्यांच्या मनाला इतके लागले की अखेर त्यांनी ही विद्याच पत्करली. हकीकतीतील तपशील कितपत खरा, हे इतिहासकारांनी ठरवावे. परंतु पुढचे त्यांचे सारे आयुष्य या हकीकतीशी जुळते. ते ग्रंथापासून निघून प्रश्नाकडे गेले नाहीत. प्रश्न घेऊन ग्रंथाकडे गेले.

थोड्याच वर्षांत त्यांची कीर्ती पसरली. प्रथम रय येथील आणि नंतर बगदादच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. बगदादला तेव्हा अब्बासी खलिफांची राजधानी होती. इस्पितळासाठी जागा निवडताना त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगून ठेवले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा नासले ती जागा पसंत केली, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. मात्र ही गोष्ट ज्या अदुदी इस्पितळाविषयी सांगितली जाते ते राझींच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने उभे राहिले. तेव्हा ती आख्यायिकाच समजावी. पण लोकांनी ती दुसऱ्या कोणाच्या नावावर न घालता राझींच्याच नावावर घातली, यालाही अर्थ आहे. ऐकीव मतावर न विसंबता करून पाहणारा वैद्य, अशीच त्यांची ख्याती होती.

आता त्यांच्या शिकवण्याच्या रीतीकडे वळू. इब्न अन्-नदीम यांनी सन ९८७ मध्ये रचलेल्या ग्रंथसूचीत रय येथील एका वृद्धाने सांगितलेली आठवण दिली आहे. राझींचे मस्तक मोठे होते. मजलिशीत ते बसत तेव्हा त्यांच्यापुढे त्यांचे शिष्य, त्या शिष्यांपुढे त्यांचे शिष्य आणि त्यांच्याही पुढे आणखी शिकाऊ मंडळी अशा रांगा असत. रोगी आला की तो आपली तक्रार सर्वांत पुढे बसलेल्या नवशिक्यांना सांगे. त्यांना निदान जमले तर ठीक. नाही तर रोगी पुढच्या रांगेकडे जाई. तेथेही उलगडा झाला नाही तर ज्येष्ठ शिष्यांकडे. सर्वांची मती खुंटली म्हणजे मगच राझी बोलत.

वाचकहो, या रचनेचा क्षणभर विचार करावा. आपल्याकडे गुरू आधी बोलतो आणि शिष्य नंतर उतरवून घेतो. येथे क्रम उलटा होता. सर्वांत कमी जाणणारा सर्वांत आधी विचार करी. त्याला रोग्याला प्रश्न विचारावे लागत, नाडी पाहावी लागे, वाचलेले आठवावे लागे आणि चारचौघांसमक्ष आपले मत द्यावे लागे. चूक झाली तर मागे सावरणारी रांग होती, म्हणून रोग्याचे अहित होत नसे. परंतु चूक कोठे झाली, हे त्या नवशिक्याला त्याच दिवशी, त्याच रोग्यापाशी कळे. आधी स्वतः धडपड केल्यावर जे उत्तर गुरूकडून मिळते ते आयुष्यभर विसरत नाही. उत्तर आधी मिळाले तर ते परीक्षेच्या दिवसापर्यंतच टिकते.

अशी मजलिस चालवायला गुरूचे मन मोठे असावे लागते. जो गुरू आपली चूक लपवतो त्याच्यापुढे शिष्य तोंड उघडीत नाहीत. राझींनी आपल्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांच्या शिष्यांनी एकत्र केलेल्या एका संग्रहात सुमारे नऊशे रोग्यांच्या हकीकती आहेत. निरनिराळ्या नोंदींपैकी अब्दुल्लाह इब्न सवादा नावाच्या रोग्याची हकीकत वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या गृहस्थाला अनियमित ताप येई. कधी रोज, कधी दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी, तर कधी सहाव्या दिवशी. ताप येण्यापूर्वी किंचित हुडहुडी भरे आणि लघवीला वरचेवर जावे लागे. राझींनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर हा ताप पुढे चौथ्या दिवशी येणाऱ्या तापाचे रूप घेईल, नाही तर मूत्रपिंडात गळू असावे. काही दिवसांतच रोग्याच्या लघवीतून पू गेला. तेव्हा आता ताप परत येणार नाही, असे राझींनी त्याला सांगितले आणि तसेच झाले. पुढे त्यांनी लघवी साफ करणारी औषधे दिली, नंतर जखम भरून आणणारी दिली आणि सुमारे दोन महिन्यांत तो बरा झाला.

दुसरा कोणी असता तर त्याने आपल्या यशाची ही कथा इथेच संपवली असती. राझींनी मात्र पुढे आपली चूक लिहून ठेवली. उभे राहिल्यावर कमरेत जडपणा वाटतो, हे रोग्याने आपण होऊन सांगितले नव्हते. पण आपणही ते विचारायला विसरलो, अशी त्यांनी स्पष्ट कबुली दिली. वरचेवर लघवी होण्याने आपला संशय बळकट व्हायला हवा होता. पण त्या माणसाच्या वडिलांनाही मूत्राशयाची दुर्बलता होती आणि त्याला स्वतःलाही प्रकृती चांगली असताना तोच त्रास होत असे, हे आपल्याला ठाऊक नव्हते. म्हणून रोग्याला खोलवर विचारण्यात कसूर करू नये, असा धडा त्यांनी पुढच्यांसाठी नोंदवला. ज्याचे नाव साऱ्या इस्लामी जगतात गाजत होते, तो वैद्य शिष्यांच्या हाती पडणाऱ्या वहीत आपण काय विचारायचे राहिलो ते लिहितो. हे वाचले तेव्हा मला माझ्या वर्गातील तो मागचा बाक आठवला आणि मान खाली गेली.

ग्रंथांविषयीही त्यांची वृत्ती अशीच होती. ग्रीक वैद्य जालीनूस, ज्याला युरोपात गॅलन म्हणतात, त्याचा शब्द त्या काळी अखेरचा मानला जाई. राझी त्याला गुरुस्थानी मानीत. तरीही त्याच्या ग्रंथांतील शंकास्थळे दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिला. तापाच्या क्रमाविषयी जालीनूसने जे लिहिले ते बगदाद व रय येथील इस्पितळांत पाहिलेल्या अनेक रोग्यांना लागू पडत नाही, असे त्यांनी आपल्या नोंदींच्या आधारे मांडले. गुरूचा आदर आणि गुरूच्या मताची तपासणी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवले. तत्त्वज्ञान आणि धर्म यांविषयीच्या त्यांच्या काही मतांवर त्यांच्या काळातील व नंतरच्या विद्वानांनी कठोर टीका केली. परंतु वैद्यकातील त्यांचा अधिकार त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आला नाही.

सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येऊन होणारा ज्वर. यात शिरेतून रक्त काढावे की नाही, याचा त्यांना निर्णय करायचा होता. तेव्हा काही रोग्यांचे रक्त त्यांनी काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही व दोघांची तुलना केली. रक्त काढणे हितकारक, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजचे वैद्यक तो मान्य करणार नाही. पण उपचार झालेले आणि न झालेले असे दोन गट शेजारी ठेवून पाहावे, ही दृष्टी आजही वैद्यकीय संशोधनाचा पाया आहे.

त्यांचा सर्वांत गाजलेला लहान ग्रंथ देवी आणि गोवर या दोन रोगांवरचा. हे दोन रोग वेगळे कसे ओळखावे, याचे स्पष्ट विवेचन त्यांनी त्यात केले. देवीत पाठदुखी अधिक असते, तर गोवरात मळमळ आणि घालमेल अधिक असते, अशी बिछान्याजवळ उभे राहून पाहिलेली लक्षणे त्यांनी टिपली. डोळे, घसा आणि सांधे यांना देवीपासून कसे जपावे, हेही सांगितले. रक्तात होणाऱ्या उकळीमुळे देवी येतात, ही त्यांची कारणमीमांसा चुकीची होती. त्या काळी विषाणू कोणाला ठाऊक असणार? पण डोळ्यांनी पाहिलेले वर्णन टिकले. लॅटिनमध्ये त्याची भाषांतरे झाली आणि १८४८ साली इंग्रजीत अरबीवरून भाषांतर निघाले. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने पृथ्वीवरून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्या दीर्घ लढाईच्या आरंभीच्या शिलेदारांत राझींचे नाव मानाने घ्यावे लागते.

राझींची लेखणी कधी थांबत नसे. जो कोणी भेटीला जाई त्याला ते लिहिताना किंवा नक्कल करताना दिसत. आपल्या जीवनपद्धतीचे समर्थन करताना त्यांनी स्वतःच सांगितले आहे की ताविजावर लिहितात तशा बारीक अक्षरांत आपण एका वर्षात वीस हजारांहून अधिक पाने लिहिली. एका मोठ्या ग्रंथासाठी पंधरा वर्षे रात्रंदिवस खपून दृष्टी मंदावली, हाताचे स्नायू दुबळे झाले. तरीही दुसऱ्यांकडून वाचून आणि लिहून घेत त्यांनी अभ्यास चालू ठेवला. अल्-बिरूनी यांनी पुढे त्यांच्या ग्रंथांची यादी केली, तीत १८४ नावे आहेत. त्यांपैकी एक ग्रंथ ज्याच्याजवळ वैद्य नाही अशा माणसासाठी आहे. घरात आणि बाजारात मिळणाऱ्या वस्तूंनी उपचार कसे करावे, ते त्यात सांगितले आहे. गरिबांवर त्यांची विशेष माया होती. निर्धन रोग्यांना ते औषधाबरोबर खर्चालाही देत, असे त्यांच्या नगरातील लोक सांगत.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची टिपणे त्यांच्या बहिणीजवळ होती. इब्न अल्-अमीद या विद्याप्रेमी वजिराने ती मिळवली आणि राझींच्या शिष्यांकडून लावून घेतली. तोच अल्-हावी हा महाग्रंथ. त्याची मांडणी विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक रोगाखाली आधी ग्रीक, सुर्यानी, अरबी आणि आपल्या देशातील चरक व सुश्रुत यांचीही मते त्या त्या नावानिशी येतात. त्यानंतर ली हा छोटा अरबी शब्द येतो. त्याचा अर्थ माझे. त्यापुढे राझींचे स्वतःचे मत किंवा अनुभव असतो. दुसऱ्याचे कोणते आणि आपले कोणते, यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. पुढच्या पिढीतील अली इब्न अब्बास या वैद्याने हा ग्रंथ फार विस्तृत आणि विस्कळीत असल्याची तक्रार केली, तीही रास्तच होती. कारण हे मुळात पाठ्यपुस्तक नव्हतेच. ती एका आजन्म विद्यार्थ्याची अभ्यासाची वही होती. १२७९ मध्ये फरज इब्न सालिम याने तिचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले आणि १४८६ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे ते छापले गेले. मूळ अरबी ग्रंथ मात्र आपल्या शेजारी हैदराबादेत छापला गेला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ज्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडाही होता, तेथील दाइरतुल मआरिफ या संस्थेने १९५५ पासून पुढे तेवीस भागांत तो प्रसिद्ध केला.

अखेरच्या काळात राझींची दृष्टी पूर्ण गेली. शस्त्रक्रिया करायला एक नेत्रवैद्य आला असता डोळ्याला किती पडदे असतात, असे राझींनी त्याला विचारले. त्याला उत्तर देता येईना, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, अशी एक कथा सांगतात. आपण जग पुरेसे पाहिले आहे, असेही ते म्हणाल्याचे सांगतात. हिजरी ३१३, म्हणजे इसवी सन ९२५ मध्ये रय येथे त्यांचे निधन झाले.

राझींनंतर शतके लोटली. वैद्यकाची महाविद्यालये झाली, व्याख्यानगृहे झाली आणि विद्यार्थी आधी वर्षानुवर्षे पुस्तके पाठ करून मग रोग्याचे तोंड पाहू लागला. या रीतीला कंटाळून १९६९ साली कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाने आपले नवे वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या पद्धतीने सुरू केले. विद्यार्थ्यांच्या लहान गटापुढे प्रथम एका रोग्याची समस्या ठेवायची. त्यांनी आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे ठरवायचे. जे ठाऊक नाही ते स्वतः शोधून आणायचे आणि पुन्हा एकत्र बसून समस्या सोडवायची. शिक्षक सोबत असतो, पण आधी बोलत नाही. १९७४ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे याच धर्तीवर शिक्षण सुरू झाले आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. आपल्या देशातही २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनासाठी स्वतंत्र तास राखून ठेवले गेले. हॅमिल्टनच्या प्राध्यापकांनी ही रीत राझींच्या मजलिशीवरून उचलली, असे म्हणण्यास आधार नाही आणि पूर्वजांच्या नावाने पोकळ अभिमान बाळगणे आपल्याला शोभणारही नाही. परंतु रोग्यापाशी मनापासून शिकवू पाहणारा गुरू दहाव्या शतकातला असो वा विसाव्या, तो त्याच जागी येऊन पोहोचतो, एवढे मात्र खरे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना डॉक्टर व्हायचे आहे. त्यासाठी गुण लागतील आणि ते जरूर मिळवा. पण त्याबरोबर आजपासून प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. ती महाविद्यालयात गेल्यावर एकदम येत नाही. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांनी विचारावे असे वाटत असेल तर मला ठाऊक नाही, हे शब्द आधी आपल्या तोंडून निघाले पाहिजेत. यंदा मी माझ्या वर्गात एक वही ठेवली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही तो तीत मुलांनी लिहायचा. डाव्या पानावर पुस्तकात सापडलेले उत्तर पुस्तकाच्या नावासह, उजव्या पानावर मुलांचे स्वतःचे मत. पहिला प्रश्न मी माझ्या हाताने लिहिला आहे. तो वास्को द गामाच्या वाटाड्याचा आहे.